कुणी हात लावला नसता तर

"कुणी हात लावला नसता तर हिला चांगली किंमत आली असती," असं म्हणून त्या माणसाने गिटार पुन्हा माझ्याकडे सरकवली. बोलण्यात तुच्छता नव्हती, हळहळच होती. जुन्या गिटारींच्या प्रदर्शनात त्याचं टेबल होतं आणि मी काही विकायला गेले नव्हते. ही कुठल्या सालची, एवढंच मला विचारायचं होतं. त्याने ती पालथी केली, कडांवरून अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर चढवून नॉबच्या फटीत टॉर्च मारला आणि एकेक दोष दाखवत गेला. नावाचा बिल्ला गेलेला. नंबरची पट्टी गेलेली. तारा पिळायच्या चाव्यांपैकी एका बाजूच्या तिन्ही नंतर बसवलेल्या. मागच्या बाजूला कुणीतरी टोकदार वस्तूने कोरलेली दोन अक्षरं, डी आणि एम. सुरांच्या पट्ट्यांपैकी पाचव्या, सातव्या आणि बाराव्या पट्टीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे कापलेले तुकडे. ते तरी काढून टाका, असं म्हणाला. "वाजवायला मात्र छान आहे हं," अशी शेवटी समजूतही घातली. मुलगी दिसायला बेताची असली की तिच्या स्वयंपाकाचं कौतुक करतात ना, त्याच सुरात.

घरी येताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. हात लावला नसता तर! आणि तेही वाद्याला.

ती मला मिळाली बर्विनमध्ये. शिकागोला पश्चिमेकडून चिकटलेलं हे गाव, विटांच्या बुटक्या बंगल्यांच्या रांगांचं, एकेकाळी चेक आणि स्लोव्हाक लोकांनी भरलेलं. इकडे घरातलं शेवटचं म्हातारं माणूस गेलं की मुलं एखाद्या कंपनीला बोलावतात. ती कंपनी चमच्यापासून कपाटापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावते आणि शनिवारी सकाळी पुढचं दार सताड उघडते. त्याला एस्टेट सेल म्हणतात. अनोळखी माणसं आत शिरतात, ओट्याखालचे खण उघडतात, पलंगावर बसून गादी दाबून बघतात. इतकी वर्षं इथे काढली तरी अशा घरात शिरताना मला उंबऱ्याशी चपला काढाव्याशा वाटतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या वस्तू वाटायच्या असल्या तरी त्यात रुसवेफुगवे असतात, कुणाला पाटल्या आणि कुणाला नुसतं घंगाळ यावरून दहा वर्षं अबोला असतो. इथे सगळ्यांना सारखी चिठ्ठी. त्या घरात डांबरगोळ्यांचा आणि शिळ्या कॉफीचा वास होता. तळघरात कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्याखाली, पुठ्ठ्याची एक लांबट काळी पेटी होती. कड्या गंजलेल्या. आत ही.

पेटीच्या कप्प्यात स्टीलचा बार होता, हातात घेतला की थंडगार आणि अपेक्षेपेक्षा जड. अंगठ्यात घालायची एक नखी, बोटात घालायच्या दोन. खाली धड्यांचे कागद, वर माडाची झाडं आणि चांदण्यातला समुद्र छापलेला. ते क्लीव्हलंडच्या ओआहू कंपनीचे होते. ओहायोतल्या बर्फाळ क्लीव्हलंडमध्ये बसून ही कंपनी अमेरिकाभर हवाईयन गिटारचे धडे विकायची, वर्ग चालवायची, गिटारीही पुरवायची. पैसे घेणाऱ्या मुलीने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, हवाईयन गिटार. तिने आणि रांगेतल्या मागच्या माणसाने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. साडेपाच फुटांची, साठीची, सांगलीची बाई हे नाव इतक्या घरगुती सुरात कसं घेते, असं त्यांना वाटलं असावं.

आता ही दिसते कशी ते सांगते. मांडीवर आडवी ठेवायची, म्हणून तिला कंबर नाही, पोकळ पोट नाही. लाकडाचा एकच जाड ठोकळा, वरून मोत्याच्या झाकेचा करडा पत्रा चढवलेला. हा पत्रा सेल्युलॉइडचा असतो. पुढची बाजू प्रकाशाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळी पडली आहे, मागची अजून करडी. पट्ट्या म्हणजे नुसत्या रंगवलेल्या रेघा. तारा इतक्या उंचावर की बोटाने त्या रेघांपर्यंत दाबायच्याच नाहीत. वरून बार सरकवायचा, बस. पहिल्या दिवशी मी ओलसर फडक्याने पाठ जरा जोरात पुसली आणि हाताला, नाकाला, एकदम एक ओळखीचा वास आला. मी पुन्हा घासून पुन्हा वास घेतला.

कापूर.

भास नव्हता. सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूरच घालतात, तो पत्र्याला लवचीक ठेवतो. सत्तर वर्षांनीही घासून जरा ऊब दिली की तो वास सुटतो. (आणि कापरासारखंच हे सेल्युलॉइड पेटतंही भसकन, त्यामुळे निरांजनापासून लांब.) घरात बाकी कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. नवऱ्याने हुंगून "हं" म्हटलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. पण त्या वासानंतर मला तिची जन्मतारीख हवीशी झाली. आधी ती एक जुनी वस्तू होती, आता तिची चौकशी करावीशी वाटायला लागली.

नाव नसलेल्या गिटारीचं घराणं ओळखायचं तर बिल्ल्यावर विसंबून चालत नाही, तो नसतोच. बघायचं पिकअपकडे, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाकडे. हिच्या तारा पिकअपच्या वरून जात नाहीत, त्याच्या धातूच्या चौकटीतून आरपार जातात. ही मोठी खूण आहे. शिकागोच्या व्हॅल्को कंपनीची. व्हिक्टर स्मिथ, अ‍ॅल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा या तीन भागीदारांच्या आद्याक्षरांवरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे नाव पडलं. त्याआधीची नॅशनल-डोब्रो ती हीच. पश्चिम शिकागोतल्या वॉल्टन स्ट्रीटवर यांचा कारखाना होता आणि एकाच कारखान्यातून तीच गिटार वेगवेगळे बिल्ले लावून बाहेर पडायची. सुप्रो म्हणून, नॅशनल म्हणून, टपालाने माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्डच्या कॅटलॉगसाठी एअरलाइन म्हणून, क्लीव्हलंडवाल्यांसाठी ओआहू म्हणून. माझ्या गिटारीच्या डोक्यावर बिल्ल्याच्या जागी दोन बारीक भोकं उरली आहेत. मागच्या बाजूला नंबरची पट्टी जिथे खिळ्यांनी ठोकलेली होती तिथे एक छोटा आयत, आजूबाजूपेक्षा स्वच्छ आणि उजळ. मंगळसूत्र काढल्यावर गळ्यावर राहतो तसा, असं लिहिणार होते, पण नको. ते फार होईल. आयत आहे, एवढंच.

म्हणजे वॉल्टन स्ट्रीटवरून निघून बर्विनच्या तळघरापर्यंत हिने सगळा मिळून काही मैलांचा प्रवास केला. माडाची चित्रं असलेल्या कागदांसकट.

आणि तरी हे वाद्य मुळात कुठलं! होनोलुलूकडच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने १८८९च्या सुमारास गिटारच्या तारांवर धातूची वस्तू सरकवून सूर ओढायला सुरुवात केली, असं सांगतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे हवाई बेटांच्या मंडपात लोकांनी हे ऐकलं आणि सगळी अमेरिका या ओढलेल्या सुरांच्या मागे लागली. मग अडचण आली आवाजाची. मांडीवर पडलेल्या गिटारीचा आवाज आढ्याकडे जाणार, श्रोत्यांकडे नाही. बँडमध्ये ती ऐकूच यायची नाही. म्हणून जॉर्ज बोशँप या स्वतः हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसाने अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकरच्या मदतीने लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं वापरून विजेची गिटार बनवली. १९३२ साली ती विक्रीला आली. आज रॉकवाले खांद्याला अडकवून उड्या मारतात त्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारींच्या आधी बाजारात चाललेली ही. मांडीवर घेऊन, बसून, मान खाली घालून वाजवायची. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती, गोल अंगाची आणि लांब दांड्याची, म्हणून लोक तिला फ्राइंग पॅन म्हणायला लागले. स्टेजच्या दिव्यांनी तापली की अ‍ॅल्युमिनियम फुगायचं आणि सूर उतरायचे, मग बेकेलाइटची काढली. पेटंटचा अर्ज १९३४चा, ते मिळालं १९३७च्या ऑगस्टमध्ये. तोवर बाकीच्या कंपन्या आपापल्या विजेच्या गिटारी विकून मोकळ्या झाल्या होत्या.

आमच्या सांगलीला हे काही माहीत नव्हतं. आम्हाला हवाईयन गिटार माहीत होती ती रेडिओतली. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की निवेदक काही न बोलता एखादी तबकडी लावायचे आणि ओळखीच्या सिनेमाचं गाणं शब्दांवाचून, लांबट, ओलं होऊन यायचं. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं पुढे कळली. कलकत्ता हे या वाद्याचं आपल्याकडचं माहेर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब हे खुद्द हवाईयन कलाकार तिथे राहून वाजवत आणि शिकवत होते. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी या गिटारीवर रागदारी बसवली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची तबकडी आली आणि ज्यांनी तोवर गिटार म्हणताच नाक मुरडलं होतं त्यांच्याही दिवाणखान्यात ती वाजायला लागली.

आमच्या शेजारी गावभागात एक काका होते, बँकेत कारकून. त्यांची गिटार कलकत्त्याहून मागवलेली, साधी पोकळ पोटाची. तारा उचलण्यासाठी वरच्या टोकाला लोखंडाचा उंचवटा घातलेला आणि भोकावर एक पिकअप स्क्रूने बसवलेला. अ‍ॅम्प्लिफायर वगैरे चैन नव्हती. त्यांच्याकडे मर्फीचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असत, त्यात काका गिटारची वायर खुपसायचे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. मग आधी घूं असा आवाज आणि मागून सूर. संध्याकाळी, आडतीतून येणाऱ्या हळदीच्या वासात, आम्ही पोरं ओट्यावर बसून बघायचो. काका पांढरा हातरुमाल मांडीवर पसरून वर गिटार ठेवत. पँटला बटणं होती, त्याचे ओरखडे गिटारीला पडू नयेत म्हणून रुमाल की गिटारच्या स्क्रूने पँट फाटू नये म्हणून, ते कधी विचारलं नाही. ऐन रंगात आले की आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, माझी श्रुतिका लागायची वेळ झाली, काढा ती वायर." काका काढायचे. मग नुसत्या गिटारीवर, अगदी बारीक आवाजात, श्रुतिकेच्या खालून वाजवत राहायचे.

काकांची एक चावी तुटली तेव्हा त्यांनी मँडोलिनची बसवली होती. गंधार चुकू नये म्हणून पट्टीच्या कडेला काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. त्या गिटारीचं साल कुणी कधी विचारलं नाही. काका गेल्यावर ती कुठे गेली तेही मला सांगता येणार नाही.

साल काढायचं तर गिटार उघडायला लागते. पिकअप आणि नॉब ज्या धातूच्या पट्टीवर बसवलेत ती मी डायनिंग टेबलवर जुना टॉवेल अंथरून सोडवली. सगळे स्क्रू एका आडव्या खाचेचे. हाही पुरावाच. फुलीच्या खाचेचा स्क्रू तीसच्या दशकात निघाला, पण गिटारवाल्यांकडे तो रुळायला पन्नासचं दशक उजाडलं. एका खाचेचे स्क्रू दिसले की गिटार बहुधा त्याआधीची. बहुधा. आत कापडाचं वेष्टण असलेल्या वायरी होत्या, काळपट, टोकाला उसवलेल्या. मेण चढवलेला कागदी कंडेन्सर होता, मेणाला धूळ चिकटून त्यावर लव आल्यासारखी झालेली. आणि नॉबच्या खाली दोन पॉट. आवाज कमीजास्त करायचे ते पॉट त्यांच्या पत्र्याच्या पाठीवर आकडे बाळगतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे. ३०४ म्हणजे पेनसिल्व्हेनियातली स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढे साल आणि शेवटी आठवडा. पंचवीस पैशाच्या नाण्याएवढ्या त्या पत्र्यावर टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे ठसा उठून दिसला. टोनच्या पॉटवर ३०४८४७.

स्टॅकपोल, साल ८, आठवडा ४७. नोव्हेंबर महिना. पण आठ म्हणजे कुठलं आठ? त्या काळात सालाचा एकच आकडा ठोकत. दशक लिहायची गरज त्यांना वाटली नाही, कारण दशक कुठलं चाललंय ते त्यांना माहीत होतं. साठच्या सुमारास दोन आकडे ठोकायला लागले. तेव्हा हे १९४८ तरी किंवा १९५८ तरी.

ही अडचण मला नवी नव्हती. माझ्या आजीचा जन्म "मानमोडीच्या साथीत" झालेला. धाकट्या आत्याचा "पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी". माझी मोठी बहीण "कोयनेच्या भूकंपात पाळण्यात नव्हती, चालत होती", म्हणजे तिची तारीख काढायची तर ११ डिसेंबर १९६७ वरून मागे यायचं. वडिलांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा. त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली आहेत, कारण पोराला शाळेत घालताना मास्तर विचारायचे आणि घरचा माणूस डोकं खाजवायचा. याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही, एवढंच धरून माणसाचं वय काढायचं. आणि वस्तूंचं तर आमच्या घरात सोपं होतं. १९४८च्या आधीची एकही वस्तू घरात नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत आजोबांचं गावाकडचं घर जळलं, त्याबरोबर पोथ्या, पाळणा, आजीचा शालू, सगळं. एक पितळेचा डबा विहिरीत पडला म्हणून वाचला. त्यामुळे घरात कुणी एखादं भांडं दाखवून "हे किती जुनं?" म्हटलं की वडील आधी "अठ्ठेचाळीसच्या अलीकडचं" असं म्हणत आणि मग विचार करायला लागत. पॉटवरची तारीख नेमकी तेवढंच सांगते. गिटार या आठवड्याच्या आधीची नाही. नंतरची किती, ते पॉटला विचारायचं नाही. कारखाने पॉट गठ्ठ्याने घेत, ते मांडणीवर पडून राहत. फेंडर कंपनीने १९६६ साली इतके घेऊन ठेवले की पार १९६९च्या गिटारींतही सहासष्टचे पॉट निघतात. नुसत्या पॉटवर साल सांगणारा तिथे तोंडघशी पडतो.

शिवाय आधी सोल्डर बघायचं. कारखान्यातला जोड मळका, एकसारखा, एका हाताने एका दमात दिलेला असतो. कुणी नंतर उघडून पुन्हा दिला असेल तर तो चकचकीत तरी असतो किंवा गोळा होऊन बसलेला. टोनच्या पॉटचा जोड मळका होता, कापडी वायर मुळापासून तीच. मेणाचा कंडेन्सर, कापडी वायर, एका खाचेचे स्क्रू, सगळ्यांनी पारडं अठ्ठेचाळीसकडे झुकवलं. म्हणजे नोव्हेंबर १९४८ नंतर, बहुधा १९४९ उजाडल्यावर वॉल्टन स्ट्रीटवर कुणीतरी ही पट्टी स्क्रूने आवळली. आकडा पक्का झाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्यात वडिलांचा तो पितळेचा डबाही येऊन बसला आणि मी थोडा वेळ चहा करायला उठले.

मग दुसरा पॉट. आवाजाचा. त्याच्यावर सात आकडे होते, ठसठशीत, १३७७२१५. सीटीएस, १९७२, पंधरावा आठवडा. एप्रिल. जोडाला चकचकीत गोळा, वायर प्लॅस्टिकची, लाल.

व्हॅल्को १९६८ सालीच बुडाली होती. आदल्या वर्षी त्यांनी के नावाची दुसरी मोठी गिटार कंपनी विकत घेतली आणि दोन्ही मिळून गाळात गेल्या. म्हणजे हा पॉट कारखान्यातला असणं शक्यच नाही. प्रदर्शनातल्या माणसाच्या लेखी हा आणखी एक दोष. पण मला तर त्या पेटीतली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली. वाजवणारं कुणी नसेल तर आवाजाचा नॉब खराब होत नाही आणि तळघरात टाकून दिलेल्या गिटारीला कुणी नवा पॉट घालत नाही. रॉक अँड रोलने या मांडीवरच्या गिटारीला केव्हाच उठवून लावलं होतं, कंट्रीवाले पायांच्या पेडलांच्या मोठ्या स्टील गिटारकडे गेले होते, धडे विकणारे थंडावले होते, आणि तरी बहात्तर सालच्या एप्रिलनंतर केव्हातरी बर्विनमधल्या किंवा आजूबाजूच्या कुणीतरी, डी. एम. नाव असलेल्या किंवा नसलेल्या, खरखर ऐकून वैतागून ही उघडली आणि नवा पॉट बसवला. चांगला नाही बसवला. पण बसवला.

बहात्तर म्हटलं की आपल्याकडे दुसरं काही आठवत नाही. विहिरी कोरड्या, रोजगार हमीच्या आधीची ती खडी फोडायची कामं, शाळेत सुकडी. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. आई तिच्या भाकऱ्या थापताना काठ फुटायचे म्हणून करवादायची. पंगतीला बसताना आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो. त्याच वर्षी काकांचा मर्फी रेडिओ संध्याकाळी घूं करायचा. त्याच सुमारास इकडे कुणीतरी एका लाल वायरीला सोल्डरचा गोळा देत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळतं. तरी मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले.

जुन्या गिटारींच्या बाजारात सगळ्यात भाव कुणाला, तर जी पलंगाखाली राहिली तिला. वाढदिवसाला घेतली, मुलाने धड्याचे दोन कागद वाजवून सोडून दिली, पेटी बंद झाली ती पन्नास वर्षांनी उघडली. सगळे स्क्रू मूळ, तारासुद्धा मूळ, किमतीची चिठ्ठीसुद्धा. तिच्यासाठी लोक रांग लावतात. मला हे आधी चीड आणणारं वाटलं. नंतर वाटलं, त्यांचंही पूर्ण खोटं नाही. तसल्या न वाजलेल्या गिटारी राहिल्या म्हणून तर मला ताडून बघता आलं. मूळ जोड मळका असतो आणि मूळ चाव्या तीन-तीनच्या पट्टीवर असतात, हे मी शिकले ते त्यांच्याच फोटोंवरून. शिवाय या धंद्यात लबाडीही चालते. साध्या गिटारीला नवा छापलेला जुना बिल्ला ठोकायचा, पॉटवरचे आकडे सोयीचे असलेले पॉट हुडकून आणायचे आणि तिप्पट भावाने विकायचं. म्हणून बदललेला प्रत्येक स्क्रू त्यांना संशयास्पद वाटतो. बरोबरच आहे. फक्त वाद्य वाजलेलं असणं हा दोष आणि न वाजलेलं असणं हा गुण, असा जो हिशोब त्यातून निघतो तो माझ्या गळी उतरत नाही. सोन्याचा असतो, जमिनीचा असतो, गिटारीचा तरी नसावा.

चिकटपट्टीचे तुकडे काढायचे की नाहीत यावर घरात चर्चा झाली. मुलगा म्हणाला, काढ, खाली डाग असेल तर पॉलिश करू. एकाची कड नखाने उचलून बघितली तर खालची रेघ पांढरीफटक, नवीच्या नवी. बाकी सगळं पिवळं. पाचवी, सातवी, बारावी. ज्याने हे लावले त्याला आपला हात कुठे चुकतो ते माहीत होतं. बार बरोबर रेघेच्या डोक्यावर थांबला पाहिजे, मागे नाही, पुढे नाही, आणि पट्टीने अडवून धरायची सोय नसल्याने कानावर आणि डोळ्यावरच भिस्त. मी बार धरून पाहिला तेव्हा माझाही हात पाचव्याशीच चुकला, जरा अलीकडे थांबला. मी कड परत दाबून चिकटवली.

धड्यांच्या कागदांवर तारा लावायची रीत दिली आहे. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ए, सी शार्प, ई आणि पुन्हा ए, सी शार्प, ई. वाचून मला हसूच आलं. ए ला षड्ज धरला तर हे सा ग प सा ग प. हार्मोनियमच्या पहिल्या धड्यात आमच्या बाई हेच घोटून घ्यायच्या. सहाही तारा एकदम छेडल्या की कुठलंही बोट न लावता एक भरलेला, सुरेल आवाज येतो, आणि बार कुठेही आडवा ठेवून छेडलं की तोच आवाज वरच्या घरात जातो. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशीच आपण वाजवतोय असं वाटावं, ही त्या धडेवाल्यांची चतुराई. गिऱ्हाईक टिकायचं त्यामुळे.

पण एका गंधाराच्या चावीचं बटण चुरा होऊन गेलं होतं. जुन्या प्लॅस्टिकची बटणं आक्रसतात आणि एक दिवस बोटांत भुगा येतो. नुसती दांडी पक्कडीने पिळून तार लावत होते, तर ती सुरावर थांबेना. घराजवळच्या दुकानांच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ अ‍ॅकॉर्डियन आणि गिटारी दुरुस्त करतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी साल विचारलं नाही. आवाजाचा पॉट खरखरतोय म्हणून आत औषध फवारलं, नॉब दहा-वीस वेळा मागेपुढे फिरवला, आणि तो लाल वायरीचा जोड बघून "कुणीतरी घाईत होतं" एवढंच म्हणाले. जोड पुन्हा देऊ का, विचारलं. मी नको म्हटलं. मग त्यांनी खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत निरनिराळ्या गिटारींची सुटी बटणं, पांढरी, पिवळी, हिरवट, एक शिंपल्याचंही. एकेक लावून बघत शेवटी एक पिवळट सापडलं, बाकीच्यांपेक्षा किंचित मोठं. हे कशाचं आहे, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. दांडीवर दाबून बसवलं, दोन डॉलर म्हणाले, मी पाच दिले.

आता तार लागते. गंधार अजून थोडा उतरतोय, पण तार नवी आहे, ताणून बसायला चार दिवस जातील.